‘कीचकवध’ : संशोधनसाधनांचे संकलन आणि पारख

नाटकावर शोधनिबंध लिहिताना नाटकाचे पुस्तक आणि त्यावरील दोन-चार समीक्षाग्रंथ एवढीच सामग्री पुरेशी मानण्याची प्रवृत्ती महाविद्यालयीन संशोधनात आजही आढळते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांच्या ‘कीचकवध’ या नाटकाच्या बाबतीत तर ही सामग्री फारच अपुरी पडते. महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या या गद्य नाटकावर जानेवारी १९१० मध्ये, १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याखाली बंदी आली. तीन वर्षे चाललेले नाटक सरकारला एकाएकी का खटकले, याचे उत्तर संहितेत सापडत नाही. संहिता तीच होती.

कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे समीकरण मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. ते कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याची सर्वाधिक उद्धृत होणारी मांडणी व्हॅलेंटाइन चिरोल याच्या ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या पुस्तकात आहे. चिरोल हा लंडनच्या ‘टाइम्स’चा पत्रकार, हिंदुस्थानातील असंतोषाच्या मुळाशी टिळक आहेत, हे त्याला दाखवायचे होते. याच पुस्तकावरून टिळकांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो टिळकांच्या विरुद्ध गेला. अर्थात चिरोलची साक्ष ही प्रतिपक्षाची साक्ष आहे. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. राज्यकर्त्यांच्या वर्तुळात हे नाटक कसे वाचले गेले, याचा तो उत्तम पुरावा आहे. नाटककाराच्या हेतूचा पुरावा म्हणून मात्र ती वापरता येणार नाही. त्यातील इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करून तो खाडिलकरांचा संवाद म्हणून उद्धृत करणे हा तर अक्षम्य दोष होय. संवाद मूळ मराठी संहितेतूनच घ्यावा आणि कोणती आवृत्ती वापरली, ते सांगावे.

खाडिलकरांनी महाभारतातून काय घेतले आणि काय बदलले, हे पाहण्यासाठी विराटपर्व वाचणे अपरिहार्य आहे. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. आजचा अभ्यासक स्वाभाविकपणे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीकडे वळतो, परंतु डॉ. रघुवीर यांनी संपादित केलेले तिचे विराटपर्व १९३६ चे, म्हणजे नाटकानंतर एकोणतीस वर्षांनी आलेले आहे. खाडिलकरांच्या काळी प्रचलित होता तो नीलकंठी परंपरेचा पाठ. चिकित्सक आवृत्तीने वगळलेला एखादा तपशील नाटकात दिसला, की ती नाटककाराची निर्मिती, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांची मराठी विराटपर्वेही जवळ ठेवलेली बरी.

वृत्तपत्रांमध्ये ‘केसरी’चे अंक प्रथम पाहिले जातात. पण खाडिलकर स्वतः ‘केसरी’चे होते. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यानंतर संपादनाची धुराही त्यांच्याकडे आली. त्यामुळे या नाटकाविषयी ‘केसरी’त आलेला मजकूर तटस्थ परीक्षण म्हणून वाचता येत नाही. सरकारच्या प्राच्य भाषांतरकाराकडून देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे तयार होत. ते अतिशय सोयीचे असल्यामुळेच धोक्याचेही आहेत, कारण काय वगळायचे हे भाषांतरकार ठरवीत असे. गोषवाऱ्यावरून तारीख शोधावी आणि मूळ अंक गाठावा. दाते, काळे आणि बर्वे यांची नियतकालिकांची सूची अशा वेळी उपयोगी पडते.

रंगभूमीच्या जुन्या इतिहासग्रंथांची मदत येथे फारशी होत नाही. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमी’ १९०३ चा आहे, श्री. ना. बनहट्टी यांचा पहिला खंड १८७९ पर्यंत येऊन थांबतो. दोन्ही ग्रंथ संदर्भसूचीत शोभतात, एवढेच.

आता पुन्हा बंदीच्या कारणाकडे. कर्झन १९०५ मध्येच मायदेशी परतला होता. त्यामुळे एकट्या रूपकावरून १९१० च्या हुकुमाची उकल होत नाही. दरम्यान, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा विजयानंद नाट्यगृहात वध झाला. त्या रात्री तेथे किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. पुढच्याच महिन्यात ‘कीचकवधा’वर बंदी आली. हा क्रम बोलका आहे, पण क्रम म्हणजे कारण नव्हे. हुकुमाआधी कोणत्या अधिकाऱ्याने कोणता अभिप्राय दिला, संहितेचे भाषांतर कोणी केले, कोणत्या संवादांवर खुणा झाल्या, हे पाहण्याची जागा म्हणजे मुंबई सरकारची त्या काळातील दप्तरे. तेथे बसायचे तर इंग्रजी हस्तलिखित वाचण्याची सवय हवी, आणि दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस त्याला पुरत नाहीत.