मनाच्या डॉक्टरची पूर्वतयारी

गावातला मुलगा किंवा मुलगी एम. बी. बी. एस. ला गेली की शेजारीपाजारी विचारतात, "पुढं कशाचा डॉक्टर होणार?" हृदयाचा, हाडांचा असे उत्तर आले की घरची मंडळी खूश होतात. "मनाचा" म्हटले की जरा शांतता पसरते. पण गरज आहे ती याच डॉक्टरची. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत देशातल्या शेकडा 10 हून अधिक प्रौढांना मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

मी डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचा अध्यापक आहे. तरी आज या मुलांच्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहे, कारण तो पुष्कळदा आपल्या जुन्या गुरुजींपाशीच येऊन विचारला जातो.

2019 साली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमात एक नवी गोष्ट आली. काही आठवडे विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या विभागात काढावयाचे. याला मुले 'इलेक्टिव्ह' म्हणतात. त्याचे दोन भाग असतात : एक प्रयोगशाळेत किंवा संशोधनाच्या कामात, दुसरा प्रत्यक्ष रुग्णांजवळ. नेमके दिवस त्या त्या वर्षीच्या नियमांत पाहावेत. मग ज्याला मानसोपचारतज्ज्ञ व्हायचे आहे, त्याने हा वेळ कुठे घालवावा?

सरळ उत्तर असे वाटेल की, मानसोपचार विभागात. पण जरा हिशेब करू या. 2021 च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपमध्ये 2 आठवडे मानसोपचार विभागात काढावेच लागतात. पुढे एम. डी. ला प्रवेश मिळाला, तर पुरती 3 वर्षे तेच शिकायचे आहे. हा प्रवेशही नीट-पीजी परीक्षेच्या गुणक्रमावर मिळतो, कुठल्या विभागात इलेक्टिव्ह केली यावर नव्हे. तेव्हा निवड करताना एकच पाहावे : पुढे जे शिकायला सवड मिळणार नाही, ते आत्ता कुठे शिकता येईल?

ते शिकायचे आहे शरीराचे दुखणे ओळखणे. असे पाहा, एखादी बाई महिनोन्‌महिने उदास असते, कामात लक्ष नाही, सारखी झोप येते. कुणी म्हणते मनाला लावून घेतलंय. पण गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद झाली, तरी माणूस असाच दिसतो. एखादे आजोबा काल बरे होते आणि रात्री एकाएकी बरळू लागले. घरच्यांना वाटते बाहेरची बाधा. पण लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा रक्तातले मीठ कमी झाल्यानेही असे होते. रोज दारू पिणारा माणूस पाय मोडून इस्पितळात पडला, दारू बंद झाली, आणि दोनतीन दिवसांनी त्याला नाही ते दिसू लागले. हे वेड नव्हे, पण वेळीच उपचार झाले नाहीत तर जिवावर बेतू शकते. हे सारे रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत भेटतात. म्हणून काही दिवस तिथे काढावेत.

मेंदू व मज्जासंस्थेच्या विभागाचेही तसेच. फिट येऊन गेल्यावर माणूस काही वेळ भलतेच वागतो. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात गेली, तर त्याच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. त्यानेही फिट येतात, क्वचित वागणे बिघडते. बाळंतपणाच्या विभागात, प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत भ्रम होणारी एखादी आई पाहावयास मिळते. ते दुखणे ओळखायला उशीर झाला, तर आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो.

इतिहासाचीही साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातली वेड्यांची इस्पितळे एका विशिष्ट रोग्यांनी भरलेली असत. आधी भ्रम, मग पक्षाघात, मग मृत्यू. 1913 साली नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा रोग्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. पुढे पेनिसिलीन आले आणि हा रोग दुर्मिळ झाला. ज्याला वेड म्हणत होते, त्याचे मूळ एका जंतूत निघाले!

पहिल्या भागासाठी औषधशास्त्र विभाग चांगला. मनाच्या रोगावर दिले जाणारे लिथियम घ्या. ते देताना रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांवर नजर ठेवावी लागते.

मग मानसोपचार विभागात जाऊच नये का? तसे नव्हे. रोग्याजवळ तासभर शांत बसून ऐकणे आपल्याला झेपते का, हे थोडे दिवस तिथे राहूनच कळेल. आवडीची पारख तिथे करावी. मात्र सगळा वेळ तिथे खर्चू नये.

शहरात एका रुग्णाला चार तज्ज्ञ पाहतात. तालुक्याच्या गावी मात्र मनाचा डॉक्टर बहुधा एकटाच असतो. समोरचे दुखणे मनाचे की शरीराचे, हे पहिल्या भेटीत त्यालाच ठरवावे लागते. गुरुजन हो, तुमचा विद्यार्थी उद्या सल्ला विचारायला आला, तर त्याला एवढे जरूर सांगा.