गणवेश तर मिळाला, पण बॅजचं काय? स्काऊट-गाईडमध्ये विज्ञानाचे बॅज असे मिळतात

आठवतंय का? २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली आणि सरकारी शाळांतल्या मुलांच्या दोन गणवेशांपैकी एक स्काऊट-गाईडचा असेल, असं ठरलं. कापड, शिलाई, उशीर यावरून भरपूर चर्चा झाली. पुढे गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. या सगळ्या गोंधळात एक गोष्ट बाजूलाच राहिली. खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट घातला म्हणून कुणी स्काऊट होत नाही. आणि जे खरोखर होतात, त्यांना खगोल, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, निसर्ग अशा विषयांत बॅज मिळवता येतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या पालकांना विज्ञानाचं पदक म्हटलं की होमी भाभा आठवते. मुंबईतलं विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेत असलेली ही बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. प्रत्येक पायरीवर गळती. इथे गल्लोगल्ली तिचे क्लास आहेत. स्काऊटच्या बॅजचा क्लास मात्र सहसा दिसत नाही, कारण तिथे कुणाला मागे टाकायचं नसतं. ठरलेली कामं करून दाखवली की बॅज तुमचा. पथकातल्या आठही जणांनी करून दाखवली, तर आठही जणांचा.

शिडी कशी आहे?

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन तयार झाली. लहानांसाठी कब आणि बुलबुल, त्यानंतर दहाव्या वर्षापासून स्काऊट आणि गाईड. इथून पायऱ्या सुरू होतात: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार.

विज्ञानाचे बॅज या शिडीतच गुंफलेले आहेत. त्यांना प्रावीण्य बॅज म्हणतात. काही सक्तीचे, काही वेगवेगळ्या गटांतून आपल्या आवडीने निवडायचे. राष्ट्रपती पुरस्कारासाठी प्रथमोपचाराचा 'ॲम्ब्युलन्स मॅन' बॅज लागतोच. अमेरिकेत स्काऊटांसाठी 'सुपरनोव्हा' नावाचे खास विज्ञान पुरस्कार निघाले आणि त्यांना एडिसन, आईन्स्टाईन यांची नावं दिली गेली. आपल्याकडे इतका झगमगाट नाही. बाहीवर एक छोटं कापडी चिन्ह शिवलं जातं, बस्स.

आता महत्त्वाचं. प्रावीण्य बॅजची परीक्षा तुमचे स्वतःचे स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन घेत नाहीत. स्थानिक किंवा जिल्हा संस्थेने नेमलेला, त्या विषयातला जाणकार घेतो. पुढच्या पायऱ्यांना तर चाचणी शिबिरंच असतात. म्हणजे शाळेतल्या बाईंशी कितीही छान जमत असलं, तरी फ्यूज तुम्हालाच बदलून दाखवावा लागतो.

करायचं काय असतं?

विजेच्या बॅजसाठी अपेक्षा असते ती फ्यूज कसा काम करतो, जोडणी सुरक्षित कशी करायची आणि शॉक लागलेल्या माणसाला कसं सोडवायचं, अशा गोष्टींची. आधी वीज बंद करायची, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने त्याला बाजूला करायचं, हात लावायचा नाही. दर पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या आपल्या शहरांत हे बाराव्या वर्षी पाठ असणं किती मोलाचं आहे, वेगळं सांगायला नको.

खगोलाचा बॅज मात्र डोंबिवलीकरांची खरी परीक्षा बघतो. तारकासमूह ओळखणं, ताऱ्यांवरून उत्तर दिशा शोधणं हा त्याचा गाभा. ध्रुवतारा आकाशात किती उंचीवर दिसतो, ते तुमच्या गावाच्या अक्षांशावर ठरतं. आपण साधारण १९ अंश उत्तरेला आहोत, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून १९ अंशांच्या आसपासच. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की ध्रुव. दोनच मुठी! उत्तरेला ६० मीटरवर सात मजली इमारत उभी असेल, तर ध्रुव तिच्या मागे गेला. शहरातल्या दिव्यांच्या उजेडातही तो दिसू शकतो, त्याच्या आड येतात ते टॉवर.

उपाय दोन. एक, उत्तरेकडे मोकळी असलेली गच्ची शोधा. फेब्रुवारी ते मे संध्याकाळी सप्तर्षीवरून ध्रुव शोधता येतो, आणि पावसाळा सरल्यावर इंग्रजी एमसारख्या दिसणाऱ्या शर्मिष्ठेवरून. दुसरा उपाय म्हणजे लोकल पकडून बदलापूरच्या पुढे वांगणीला जाणं. मुंबईचं खगोल मंडळ आणि कल्याणचं आकाश मित्र मंडळ यांच्यासारख्या संस्थांमुळे या भागात रात्रभर आकाश बघण्याची चांगली परंपरा आहे. बॅजसाठी गेलेलं पोर पुढे आयुष्यभराचं आकाशवेडं होण्याचा धोका आहे, तेवढा पत्करावा.

साध्या सोपानांतही विज्ञान लपलेलं असतं. झाडावर न चढता त्याची उंची काढायची. एक मीटरची काठी उभी करा. तिची सावली ६० सेंटीमीटर पडली आणि त्याच वेळी झाडाची ९ मीटर, तर झाड १५ मीटरचं. नववीतले समरूप त्रिकोण, पण कल्याणच्या काळ्या तलावाकाठी.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी 'जांबोरी ऑन द एअर' असते. जगभरातले स्काऊट हॅम रेडिओवरून एकमेकांशी बोलतात आणि इंटरनेटवरूनही भेटतात. परवानाधारक हॅम सोबत असला की मुलांना सहभागी होता येतं. स्वतःचा परवाना हवा असेल तर भारतात त्याची परीक्षा वयाच्या १२व्या वर्षापासून देता येते.

मग अडतं कुठे?

वेळेत. प्रत्येक पायरीवर ठरावीक महिने काढावेच लागतात. अभ्यास रात्रभर जागून उरकता येतो, हे महिने नाही. पाचवी-सहावीत सुरू केलं तर दहावीपर्यंत राज्य पुरस्कार आणि पुढे राष्ट्रपती पुरस्काराचा विचार करता येतो. आठवीत 'दहावीला उपयोग होईल' म्हणून जाग आली, तर बहुतेकदा गाडी सुटलेली असते.

दुसरी अडचण कागदांची. पथकाची नोंदणी वेळच्या वेळी झालेली हवी, आणि प्रत्येक कामाची तारखेसह नोंद वहीत हवी. म्हणून शाळेत जाऊन नुसतं 'स्काऊट आहे का?' विचारू नका. पथकाची यंदाची नोंदणी झाली का, प्रशिक्षण घेतलेले शिक्षक कोण, आणि गेल्या काही वर्षांत तिथून तृतीय सोपानच्या शिबिराला कुणी गेलं का, ते विचारा. तिसऱ्या प्रश्नावर शाळा गप्प झाली, तर समजून जा. मग जिल्हा कार्यालयात चौकशी करता येते. मध्य रेल्वेची स्वतंत्र स्काऊट-गाईड शाखाही आहे. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईड कोटा असतो आणि तिथे राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज लागतो. कल्याणच्या रेल्वे कुटुंबांना हे आपल्यापेक्षा आधीपासून ठाऊक आहे.

एका कामात दोन गोष्टीही साधता येतात. १९९३ पासून चालणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वयाच्याच मुलांसाठी असते. विषय आपल्या परिसरातला निवडायचा, मोजायचा, मांडायचा. ठाण्यातली जिज्ञासा ट्रस्ट या उपक्रमाशी अनेक वर्षं जोडलेली आहे. वालधुनीच्या पाण्याच्या दर महिन्याच्या नोंदी ठेवणारं पथक तोच अभ्यास परिषदेतही मांडू शकतं.

वहीतली पहिली नोंद काय करायची हे सुचत नसेल, तर शून्य सावली दिवस धरा. ठाणे-कल्याण पट्ट्यात तो मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला येतो. भर दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली काही क्षण गायब होते. जुलैत ढग असतात आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. म्हणजे काठी घेऊन गच्चीवर जायला मे महिनाच बरा.