सेक्स टॉयच्या स्वस्त नकला आणि छोटे उत्पादक

अमेरिका-युरोपात सिलिकॉनची सेक्स टॉय हाताने ओतून बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळा आहेत. मूळ आकार घडवणे, साचा करणे, नमुने तपासणे यांत त्यांचा बराच पैसा जातो. नक्कल करणारा हा खर्चच टाळतो. एक नग विकत घेतला की त्यावरून साचा निघतो. मग तोच आकार, कधी मूळ उत्पादकाचेच फोटो लावून, ऑनलाइन बाजारात कितीतरी कमी दराने विकला जातो.

खरा फरक पदार्थाचा. प्लॅटिनम प्रक्रियेचे शुद्ध सिलिकॉन सच्छिद्र नसते. त्याची मोटर नसलेली वस्तू उकळून निर्जंतुक करता येते. नकलांत पुष्कळदा टीपीई हे रबरासारखे सच्छिद्र प्लास्टिक असते, त्यात जंतू टिकून राहतात. मऊ पीव्हीसीत थॅलेट ही प्लास्टिक मऊ करणारी रसायने असू शकतात. २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ हे सुरक्षा-मानक आले, पण ते ऐच्छिक आहे.

अमेरिकेत डिझाइन पेटंट १५ वर्षे संरक्षण देते; मात्र परदेशी विक्रेत्याशी दावा लढणे दोन-चार माणसांच्या कार्यशाळेला पेलत नाही. नकलेने त्रास झाला तरी नाव मूळ कारागिराचे खराब होते, हे सर्वांत अन्यायाचे. पदार्थाचे नाव स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ग्राहकाने अशी वस्तू घेऊ नये.