घरच्या रेशीम उद्योगात वेळेचे नियोजन



कापूस, सोयाबीन, तूर, ऊस आणि मोसंबी ही घनसावंगी तालुक्यातील नेहमीची पिके. त्यांना जोड म्हणून तुतीची लागवड करून रेशीम कीटकांचे संगोपन करणारी कुटुंबे जालना जिल्ह्यात आता पुष्कळ आहेत. हा उद्योग घराजवळच्या किंवा शेतातील शेडमध्ये, घरच्याच माणसांच्या बळावर चालतो, हा त्याचा मोठा फायदा सांगितला जातो. तो खराही आहे. मात्र घरी बसून करावयाच्या कामाला घरातील मंडळी, भावकी आणि गाव हे काम समजतच नाहीत. "घरीच तर असता, जरा येऊन जा" असे म्हणून कोणीही बोलावून नेतो. कपाशीची वेचणी दोन दिवस लांबली तरी बोंड झाडावर राहते. शेवटच्या अवस्थेतील अळीच्या पाल्याच्या दोन पाळ्या चुकल्या, तर कोषाचे घटलेले वजन पुढे कशानेही भरून येत नाही.

म्हणून या उद्योगात घड्याळ कीटकाचे धरावे लागते. ते कसे चालते हे एकदा नीट समजले की पुढचे नियोजन सोपे जाते.

रेशीम अळी चार वेळा कात टाकते व तिच्या वाढीच्या पाच अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांचे संगोपन चॉकी केंद्रात करून दुसरी कात झालेल्या अळ्या शेतकऱ्याकडे येतात. समजा, चॉकी 1 तारखेला आली. तिसरी अवस्था साधारण तीन दिवस चालते व 4 तारखेच्या सुमारास अळ्या कातेवर बसतात. चौथी अवस्था 5 ते 9 तारखेपर्यंत चालते. त्यानंतरची कात सर्वांत लांब असून तीत दीड दिवस जातो. 11 तारखेच्या आसपास पाचवी अवस्था सुरू होते आणि 18-19 तारखेला अळ्या कोष करण्यास तयार होतात. हवामानानुसार यात एक-दोन दिवसांचा फरक पडतो.

या 18 दिवसांत कामाचा भार सारखा नसतो, हे ध्यानात ठेवावे. अळी संपूर्ण आयुष्यात जेवढा पाला खाते, त्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक एकट्या पाचव्या अवस्थेत खाते. पहिल्या आठवड्यात नवरा-बायको दोघे हे काम सहज उरकतात व त्यांना वाटते की पुढेही असेच निभावेल. परंतु 14 तारखेपासून पाला कापणे, वाहणे व टाकणे यातून उसंत मिळत नाही. माझ्या मते अंडीपुंज किती घ्यावेत हे तुतीच्या पाल्याइतकेच, शेवटच्या पाच दिवसांत घरात किती हात आहेत यावर ठरवावे. अनेकजण पाला मोजतात, हात मोजत नाहीत.

त्यामुळे चॉकीची मागणी नोंदविताना तारखा उलट्या मोजाव्यात. ज्या आठवड्यात पाचवी अवस्था येणार, त्या आठवड्यात घरात लग्न, पोळा, महालक्ष्म्या किंवा कापसाची भर वेचणी आहे काय, ते दिनदर्शिकेत पाहावे. असल्यास चॉकी आठ दिवस पुढे ढकलावी. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत घरातील बाई शेडमध्ये किती वेळ देऊ शकेल, हे तिलाच विचारून ठरविलेले बरे. पुष्कळ घरांत संगोपनाचे निम्म्याहून अधिक काम तीच करते, आणि तारीख ठरविताना मात्र तिला कोणी विचारत नाही.

दिवसाच्या पाळ्याही ठराविक असाव्यात. तीन वेळा फांद्या देणार असाल तर सकाळी 6, दुपारी 2 व रात्री 10 अशी वेळ सोयीची पडते. फांद्यांची कापणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी करावी आणि पाला ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. भर दुपारी कापलेला पाला लवकर सुकतो. कोणत्या पाळीला कोण कापणार व कोण टाकणार हे शेडच्या भिंतीवर लिहून ठेवावे, म्हणजे "मला वाटले तू टाकलास" असे होत नाही.

कातेच्या वेळी मात्र काम न करणे हेच काम असते. अळी खाणे थांबवून डोके वर करून स्थिर बसते. या काळात पाला देऊ नये, बेड कोरडा ठेवावा, चुना धुरळावा व हवा खेळती ठेवावी. जवळजवळ सर्व अळ्या कातेतून उठल्यानंतर विजेता पावडर धुरळावी व अर्ध्या तासाने पाला द्यावा. काही अळ्या उठलेल्या पाहून घाईने पाला टाकला, तर त्या खाऊन पुढे जातात व बाकीच्या मागे राहतात. मग कोषाच्या वेळी एका बेडवर पिकलेल्या आणि खाणाऱ्या अळ्या एकत्र दिसतात, आणि एका दिवसाचे चंद्रिकेचे काम तीन दिवस रेंगाळते. काही तासांची घाई अशी दोन दिवसांना पडते.

बाहेरच्या माणसास शेडमध्ये येऊ न देण्याचा नियम रोगासाठी सांगितला जातो. त्याचा वेळेसाठीही तेवढाच उपयोग होतो. दारात चुना व ब्लीचिंग पावडर टाकलेला पायपुसणा ठेवला, चपला बाहेर काढावयास लावल्या, की गप्पांसाठी येणारा आपोआप ओसरीवर बसतो. पाळी चालू असताना मोबाईल घरात ठेवावा. शेजारच्या कपाशीवर फवारणी कोणत्या दिवशी आहे, याची चौकशी मात्र आठवणीने आधीच करावी, कारण फवाऱ्याचा अंश लागलेला पाला संपूर्ण पीक घालवितो.

पिकलेली अळी खाणे सोडते, अंगाने पारदर्शक पिवळसर दिसते व बेडच्या कडेला डोके हलवीत फिरते. तेव्हा चंद्रिका हाताशी हव्यात. आदल्या दिवशीच त्या उन्हात वाळवून, मोडलेल्या बाजूला काढून ठेवाव्यात. उशीर झाल्यास अळी बेडवरच रेशीम सोडू लागते.

कोषांची काढणी सहाव्या-सातव्या दिवशी, थंडीत एखादा दिवस उशिरा करावी. एक-दोन कोष कापून आतील कोषावस्था तपकिरी व टणक झाल्याची खात्री करून घ्यावी. डबल, डागी व पोचट कोष त्याच दिवशी वेगळे करावेत. पूर्वी विक्रीसाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे व त्यात कित्येक दिवस मोडत. 2018 पासून जालना येथेच कोषांची बाजारपेठ सुरू झाल्याने हा वेळ वाचला आहे. तो शेडच्या स्वच्छतेस द्यावा. काढणी होताच शेड झाडून, धुऊन निर्जंतुक करावे, आणि पुढची चॉकी येण्यापूर्वी चार-पाच दिवस पुन्हा एकदा तेच करावे.