मॅचच्या आठवणी कुणाच्या?

मागच्या खेपेला आपण गटाच्या कर्जाचे हप्ते कसे बांधून घ्यायचे ते बघितलं. आज हिशेबाची वही मिटून ठेवा. आज आपण बोलणार आहोत फुटबॉलच्या मॅचबद्दल. हसताय ना? हसा. मीही आधी हसलेच होते.

माझं माहेर कोल्हापुरातल्या एका पेठेत. शाहू स्टेडियम घरापासून चालत पाच मिनिटांवर. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला अंबाबाई, गूळ, तांबडा-पांढरा आणि कुस्ती आठवते. पण हिवाळा लागला की पेठांमध्ये बोलणं असतं ते फुटबॉलचं. इथल्या बऱ्याच संघांच्या नावात ‘तालीम’ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. ज्या पोरांनी तांबड्या मातीत अंग घुसळलं, त्यांच्याच तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. त्यामुळं इथं संघ म्हणजे नुसते अकरा खेळाडू नव्हेत. संघ म्हणजे अख्खी पेठ. मॅच भरवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडात बसलेलं ‘केएसए’.

आता या खेळाच्या आठवणी इतक्या घट्ट का बसतात, ते समजून घेऊ. माझे वडील, काका, शेजारचे आजोबा, सगळे वर्षानुवर्षं मॅचला जाणारे. त्यांना विचारलं, ‘कुठली मॅच आठवते?’ तर आधी स्कोअर सांगत नाहीत. सांगतात, ‘त्या वर्षी भाऊच्या खांद्यावर बसून बघितली.’ ‘त्या दिवशी वळीव आला, तरी कुणी उठलं नाही.’ ‘शेंगा संपल्या, पुडीचा कागद तेवढा हातात राहिला आणि तेवढ्यात गोल झाला.’ गोल कुणी मारला, यावर मात्र दोघांचं एकमत होत नाही.

याची कारणं साधी आहेत. पहिलं, फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. नव्वद मिनिटांच्या खेळात कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही. इतका वेळ जीव टांगणीला लागलेला असतो, त्यामुळं तो एक क्षण मनात कोरला जातो. दुसरं, घरात बसून बघताना फक्त डोळे आणि कान कामाला असतात. मैदानात ऊन लागतं, धूळ नाकात जाते, हलगी छातीत वाजते, शेजारच्याचा धक्का बसतो. सगळ्या अंगानं घेतलेली आठवण लवकर पुसत नाही. तिसरं कारण सगळ्यांत मोठं. ही आठवण एकट्याची नसते. घरी आल्यावर ती कट्ट्यावर सांगितली जाते, दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितली जाते. जात्यावरची ओवी जशी म्हणता म्हणता पाठ होते, तसंच हे.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. मॅचच्या दिवशी आई मागच्या दारी भांडी घासत असायची. स्टेडियमकडून आवाज आला की हात थांबवायची. ‘हुकला,’ म्हणायची. किंवा, ‘झाला गं गोल, पण आपला न्हवं.’ आवाजावरून तिला कळायचं. आपल्या पेठेचा ओरडा कुठला आणि समोरच्यांचा कुठला, हे ती बरोबर ओळखायची. संध्याकाळी घरची माणसं तोंड पाडून येणार की नाचत येणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं. त्या हिशेबानं ती चहा टाकायची किंवा गप्प बसायची. दादा खेळायचा तेव्हा त्याचे मोजे तीच धुवायची.

आणि चाळीस वर्षं पाच मिनिटांवर राहून ती कधी स्टेडियमच्या आत गेली नव्हती. दारावर तिला कुणी अडवलं नव्हतं. तसा नियमही नव्हता. नुसतं ‘बायकांचं काय काम तिथं?’ एवढं वाक्य पुरलं होतं.

काही ठिकाणी हे वाक्य खरोखरच नियम झालं होतं. इराण देशात जवळपास चाळीस वर्षं बायकांना पुरुषांच्या फुटबॉल मॅचला मैदानात जवळपास येऊच दिलं जात नव्हतं. काही मुली खोटी दाढी लावून, मुलाचे कपडे घालून आत जायच्या. अशीच आत जायला निघालेली एक तरुणी पकडली गेली. तुरुंगात जावं लागेल या भीतीनं तिनं स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. तिच्या लाडक्या संघाचा रंग निळा, म्हणून जग तिला ‘निळी मुलगी’ म्हणून ओळखतं. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबर २०१९ रोजी, तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये साडेतीन हजारांवर बायका तिकीट काढून बसल्या. इराणनं कंबोडियाला १४-० असं हरवलं. एवढे गोल झाले, तरी त्या बायकांना आयुष्यभर काय आठवेल? मला वाटतं, पायऱ्या चढून वर आल्यावर पहिल्यांदा दिसलेलं ते हिरवं मैदान.

इंग्लंडची गोष्ट याहून जुनी. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायका कारखान्यात लागल्या. प्रेस्टन गावातल्या कारखान्याच्या बायकांनी फुटबॉलचा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये त्यांची मॅच बघायला सुमारे ५३ हजार माणसं आली. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपली मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ३१ जुलै २०२२ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवून युरोपचा करंडक जिंकला, तेव्हा प्रेक्षक होते ८७,१९२. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला आपल्या नवी मुंबईत १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम मॅच झाली. स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. आणि आपल्या कोल्हापूरच्या नावाचा मुलींचा संघही देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आलाय.

मॅचच्या सगळ्याच आठवणी गोड नसतात, हेही सांगायला हवं. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचला गॅलरीत मारामारी झाली आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक गेले. तिथं त्या तारखेला रक्तदान करून त्यांची आठवण ठेवतात. आपल्याकडंही पेठेपेठेतली ईर्षा कधी कधी दगडापर्यंत जाते. मग बायका म्हणतात, ‘नको गं बाई ती गर्दी.’ भीती खोटी नाही. पण भीतीपोटी घरात बसायचं की तयारीनं जायचं, एवढं आपल्या हातात आहे.

गेल्या हंगामात मी आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, ‘मला काय कळतंय त्यातलं?’ मी म्हटलं, ‘न बघता स्कोअर सांगतीस, आणि कळत नाही म्हणतीस?’ मग ती, मी आणि गटातल्या सहाजणी गेलो. लवकर जाऊन दाराजवळची, भिंतीकडेची जागा धरली. बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवली. पाण्याची बाटली, डोक्यावर पदर, थोडे सुटे पैसे. चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, ते ठरवलं. मॅच संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत दहा मिनिटं बसून राहिलो, आणि शेवटच्या एसटीच्या आधी निघालो. तुम्हीही जत्रेला, कुस्तीला, कुठंही गेलात, तरी एवढं करा.

मॅच बरोबरीत सुटली. पहिला गोल झाला तेव्हा आई उठून उभी राहिली, पण ओरडली नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी विचारलं, ‘काय झालं?’ म्हणाली, ‘घरात आवाज असा येत न्हाई गं. हितं लई मोठा हाय.’

घरी आल्यावर वडील गोलाचं वर्णन करायला लागले, तर आईनं त्यांना मध्येच थांबवलं. ‘तसं न्हवतं. डाव्या बाजूनं आला चेंडू. मी बघितलंय.’

मैत्रिणींनो, येत्या मासिक बैठकीत बचतीची रक्कम जमा झाली की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं एक आठवण सांगायची. काम नाही, बाजार नाही, दवाखाना नाही, कुणाची सोबत म्हणून नाही. नुसतं बघायला, आनंदासाठी आपण कुठं गेलो होतो? आमच्या गटात चौदापैकी नऊजणींना काहीच आठवलं नाही. त्या नऊजणींची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत. हिवाळा लागला की पुढच्या मॅचला त्यांचा नंबर पहिला.