अनुच्चारित शाबासकी : क्रीडापटू, पालक आणि प्रशिक्षक

दि. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी केलेले निरोपाचे भाषण इंग्रजीत होते. तथापि त्यातील एक विधान मराठी भाषाव्यवहाराच्या अभ्यासकाने मुद्दाम तपासावे असे आहे. आपले गुरू रमाकांत आचरेकर यांनी २९ वर्षांत एकदाही आपणांस ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही, हे ते विधान. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. शिष्य गाफील राहू नये म्हणून हे मौन, असा त्याचा अर्थही त्यांनीच लावून दिला. मग जे उच्चारले गेलेच नाही, ते पोहोचले कसे?

सरावाच्या अखेरीस आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे. कोणासच न जमल्यास सचिनचे. अशी १३ नाणी तेंडुलकरांनी जतन केली. शाबासकीचे कार्य येथे शब्दाऐवजी नाण्याने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या नात्याचे विवेचन करताना सोफिया जोवेट यांनी निकटता, बांधिलकी आणि परस्परपूरकता या तीन अंगांना चौथे एक अंग जोडले आहे. त्यास आपण ‘सहदृष्टी’ म्हणू. ‘माझा सरांवर विश्वास आहे’ आणि ‘सरांचा माझ्यावर विश्वास आहे, असे मला वाटते’ ही दोन वाक्ये भिन्न होत. खेळाडूच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने दुसरे वाक्य अधिक नाजूक, कारण त्याचा पुरावा समोरच्याच्या वर्तनातून वेचावा लागतो. ते नाणे असा पुरावा होता.

येथे मराठीतील संबोधनांची एक अडचण आहे. प्रशिक्षक ‘अरे’ म्हणतो, शिष्य ‘अहो सर’ म्हणतो. ‘सर, मी कसा खेळलो?’ हे या चौकटीत सहसा विचारले जात नाही. ज्यास विचारता येईल असा कोणी तिसरा लागतो. तेंडुलकरांना आचरेकरांकडे नेणारे थोरले बंधू अजित हे तो तिसरा होत. अखेरच्या डावातील बाद होण्याचीदेखील आपण दोघांनी आदल्या रात्री चर्चा केली, असे त्याच भाषणात आले आहे. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांनी अकराव्या वर्षीच मोकळीक दिली; आडवाट मात्र धरू नकोस, एवढेच बजावले. डेसी आणि रायन यांच्या स्वनिर्धारण-सिद्धांतात स्वायत्तता ही मनाची मूलभूत गरज मानली आहे. कठोर गुरूचे मौन सोसवते ते बहुधा घरी ही गरज भागलेली असते तेव्हा.

पिता हाच प्रशिक्षक असेल तर? टेनिसपटू आंद्रे अगासी यांच्या २००९ च्या ‘ओपन’ या आत्मकथनात वडिलांनी बसविलेले चेंडूफेकीचे यंत्र बालमनास राक्षसासारखे भासते. ज्या खेळात आपण अग्रस्थान मिळविले त्याचाच आपणांस तिटकारा होता, असे ते लिहितात. मैदानावरून परतण्यासाठी वेगळे घरच तेथे उरले नव्हते.

तरीही आचरेकरांच्या मौनाचा आदर्श सरसकट उचलणे मला धोक्याचे वाटते. आपल्यापुढे आहे ती यशस्वी शिष्याची साक्ष. ज्यांच्या वाट्यास मौन आले पण नाणे आले नाही, ज्यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी बॅट माळ्यावर टाकली, त्यांची भाषणे कोठेच नोंदली गेलेली नाहीत. विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून, सराव संपल्यावर पालक मुलास पहिला प्रश्न कोणता विचारतात, एवढेच महिनाभर टिपून आणले, तरी आरंभास पुरेसे होईल.