नरसिंह राव: सक्तीचे निर्णय आणि निवडीचे निर्णय

पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे २१ जून १९९१ ते १६ मे १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान होते, आणि त्यांच्या या पाच वर्षांचे माप कोणत्या निकषाने घ्यावे याविषयीचा वाद २००४ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, इतकेच नव्हे तर २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिल्यानंतरही, मिटलेला नाही. पुण्यात व नागपुरात शिकलेल्या, हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगूत अनुवाद करणाऱ्या आणि १९८४ व १९८९ अशा दोन निवडणुकांत रामटेकमधून लोकसभेवर गेलेल्या या नेत्याविषयी महाराष्ट्रात आपुलकी आहे, तसाच ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्याच्या आठवणीमुळे कडवटपणाही आहे. वाद मात्र बहुतेक वेळा दोनच प्रश्नांभोवती घुटमळतो: आर्थिक सुधारणांचे श्रेय राव यांचे की अर्थमंत्री मनमोहन सिंग यांचे, आणि त्या सुधारणा त्यांनी मनापासून केल्या की संकटाने त्यांच्याकडून करवून घेतल्या. या दोन्हींपेक्षा अधिक उलगडा करणारा तिसरा प्रश्न असा की, सक्ती होती तेव्हा या सरकारने काय केले आणि सक्ती सैल झाल्यावर काय केले. हा प्रश्न अर्थकारण आणि परराष्ट्र धोरण या दोन्ही क्षेत्रांना एकत्र लावून पाहिला, तर जे चित्र दिसते ते भक्तांना आणि टीकाकारांना सारखेच अडचणीचे ठरते.

सक्ती किती होती, हे आधी पाहिले पाहिजे. एखाद्या देशाची आयात, निर्यात, परदेशांतून येणारे पैसे आणि परदेशांत जाणारे पैसे यांच्या एकूण हिशेबाला व्यवहारतोल म्हणतात, आणि १९८० च्या दशकात कर्ज काढून वाढवलेल्या खर्चामुळे भारताचा हा तोल आधीच डळमळीत झाला होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर तेल महागले, आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांकडून येणारा पैसा आटला, आणि अनिवासी भारतीयांनी इथल्या बँकांतील ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. जुलै १९९१ मध्ये सरकारजवळचा परकीय चलनाचा साठा सुमारे २,५०० कोटी रुपयांचा, म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांची आयात भागवण्यापुरता होता, असे अर्थमंत्र्यांनीच अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितले. सोने परदेशी पाठवल्याचा ठपका आजही सरसकट राव यांच्यावर ठेवला जातो. प्रत्यक्षात २० टन सोन्याचा पहिला व्यवहार त्यांच्या आधीच्या चंद्रशेखर सरकारच्या काळात, मे १९९१ मध्ये झाला होता, तर जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोने तारण ठेवून चाळीस कोटी डॉलर उभे करण्याचा व्यवहार राव सरकारचा होता. कर्जाचा हप्ता चुकू न देणे हा दोन्ही सरकारांपुढचा एकच हेतू होता, आणि त्याबद्दल कोणा एकाला गुन्हेगार ठरवणे न्याय्य नाही.

रुपयाचे अवमूल्यन, म्हणजे डॉलरच्या तुलनेत रुपयाची किंमत सरकारने ठरवून कमी करणे, हे १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत झाले आणि सुमारे २१ रुपयांचा डॉलर सुमारे २६ रुपयांवर गेला. पहिल्या टप्प्यानंतर झालेल्या टीकेमुळे पंतप्रधान अस्वस्थ झाले आणि दुसरा टप्पा थांबवावा असे त्यांनी अर्थमंत्र्यांना सांगितले. अर्थमंत्र्यांनी ३ जुलैच्या सकाळी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला, तेव्हा निर्णय जाहीर होऊन गेला होता. या एका सकाळीत राव यांचा स्वभाव पुरता दिसतो. त्यांना धोका कळत होता, आणि पाऊल मागे घेण्याची वाटही ते शेवटच्या घटकेपर्यंत मोकळी ठेवू पाहत होते.

तरीही सगळेच काही संकटाने करवून घेतले, हे म्हणणे टिकत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज हवे तर चलनाचा दर दुरुस्त करणे आणि राजकोषीय तूट, म्हणजे सरकारचा खर्च आणि कर्जाखेरीजचे उत्पन्न यांमधील फरक, कमी करणे भाग होते. ती तूट त्या वेळी देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या घरात होती. परंतु कोणता कारखाना कोणी, कुठे आणि किती क्षमतेचा काढावा यासाठी दिल्लीची परवानगी घ्यावी लागणारी परवाना पद्धत एका फटक्यात मोडणे हे नुसत्या सक्तीने होण्यासारखे नव्हते. अशा बदलांचे मसुदे विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या काळापासून सरकारी दप्तरात होते आणि आधीची सरकारे ते पुढे नेऊ शकली नव्हती. राव यांनी उद्योग खाते स्वतःकडे ठेवले, आणि २४ जुलै १९९१ रोजी अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, राज्यमंत्र्यांमार्फत, नवे औद्योगिक धोरण गाजावाजा न करता संसदेपुढे ठेवले. केवळ १८ उद्योग वगळता परवान्याची अट गेली, मोठ्या उद्योगसमूहांच्या विस्तारावरची बंधने सुटली, आणि ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मान्यता मिळू लागली. अर्थसंकल्पाच्या गदारोळात चाळीस वर्षांच्या व्यवस्थेचा पाया निघाला याची चर्चा मागे पडली, आणि तीच राव यांची योजना असावी असे मानायला जागा आहे. लोकसभेत बहुमत नसलेल्या सरकारने हे केले, ही गोष्ट श्रेयाच्या वादात फारशी बोलली जात नाही. धोरणाची आखणी मनमोहन सिंग यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची होती, पण ती पक्षाच्या गळी उतरवणे आणि विरोधकांना वेळोवेळी सबुरीवर राखणे हे काम पंतप्रधानांचेच होते. नेहरूंच्याच वाटेने आपण जात आहोत, असे तिरुपतीच्या काँग्रेस अधिवेशनात सांगत त्यांनी ते केले.

या धोरणाविरुद्धचे आक्षेप हलके नाहीत. १९९१-९२ मध्ये आर्थिक वाढीचा दर दीड टक्क्याच्याही खाली गेला, रेशनच्या गहू-तांदळाचे दर वाढले, खतांच्या किमती आधी ४० टक्क्यांनी वाढवून मग विरोधापुढे ती वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली, आणि १९९२ मध्ये उघडकीस आलेल्या हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्याने हे दाखवून दिले की बाजार मोकळा करताना त्यावर नजर ठेवणारी यंत्रणा आधी सज्ज करावी लागते. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबी या संस्थेला कायद्याने अधिकार मिळाले तेही १९९२ मध्येच. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा धडा गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाचा होता. परकीय भांडवल वीजक्षेत्रात लवकर यावे म्हणून एन्रॉन कंपनीच्या या प्रकल्पाला राज्य वीज मंडळाच्या कराराबरोबरच केंद्राची प्रतिहमी, म्हणजे मंडळाने व राज्याने पैसे थकवले तर केंद्र ते देईल अशी हमी, देण्यात आली. विजेचा दर परवडण्याजोगा आहे की नाही याची कसून तपासणी होण्याआधीच हमी दिली गेली. १९९५ मध्ये राज्यातील युती सरकारने करार रद्द केला, पुन्हा वाटाघाटी करून तो स्वीकारला, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा त्याच्या थकबाकीचे ओझे वीज मंडळावर होते. भांडवल आणण्याच्या घाईत सौदा पारखायचा राहून जातो, याचे इतके स्वच्छ उदाहरण त्या काळात दुसरे नाही, आणि त्याची जबाबदारी केवळ राज्यावर ढकलता येत नाही.

शेतीच्या बाबतीत महाराष्ट्रातूनच वेगळा सूर उमटला. जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या वाटाघाटींतील डंकेल प्रस्तावाला देशभरातील बहुतेक शेतकरी संघटनांचा आणि डाव्या-उजव्या पक्षांचा विरोध असताना शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. सरकार निर्यातबंदी आणि भावनियंत्रण यांद्वारे शेतकऱ्याकडून काढून घेते ते त्याला दिलेल्या अनुदानांपेक्षा जास्त आहे, म्हणजे त्याच्या वाट्याला उणे सबसिडी येते, हा त्यांचा युक्तिवाद होता. राव सरकारने एप्रिल १९९४ मध्ये या वाटाघाटींतून निघालेल्या मराकेशच्या करारावर सही केली, पण देशांतर्गत शेतमालाच्या बाजारावरची बंधने मात्र तशीच ठेवली. त्यामुळे जोशींचा युक्तिवाद बरोबर होता की चूक, याची कसोटी त्या सरकारच्या काळात लागलीच नाही.

संकट ओसरले तेव्हा काय झाले, हे इथे कळीचे ठरते. मार्च १९९४ पर्यंत परकीय चलनाचा साठा १,९०० कोटी डॉलरच्या वर गेला, आणि १९९४-९५ पासून तीन वर्षे वाढीचा दर सरासरी ७ टक्क्यांच्या घरात राहिला. याच काळात सुधारणांचा वेग मंदावला. आयात शुल्काचा कमाल दर १९९१ मधील १५० टक्क्यांवरून १९९५ मध्ये ५० टक्क्यांवर आला आणि मोबाइल सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली हे खरे, पण कामगार कायदे, तोट्यातील सरकारी कारखाने आणि बँकांची मालकी या प्रश्नांना सरकारने हात घातला नाही. तूटही १९९३-९४ मध्ये पुन्हा ७ टक्क्यांच्या आसपास गेली. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर आणि मुंबईच्या दंगली व बॉम्बस्फोटांनंतर सरकारची बरीच शक्ती केवळ टिकून राहण्यात खर्च होत होती. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव थोडक्यात फेटाळला गेला, आणि त्यातून पुढे आलेल्या लाचखोरीच्या खटल्यात राव यांना २००० मध्ये शिक्षा झाली, ती २००२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. १९९४ च्या अखेरीस आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही राज्ये काँग्रेसच्या हातची गेल्यावर सरकारचा भर कल्याणकारी योजनांवर आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली माध्यान्ह भोजन योजना ही त्या वळणाची सर्वांत चांगली आणि दीर्घकाळ टिकलेली निष्पत्ती होय.

परराष्ट्र धोरणात हा क्रम उलटा दिसतो, आणि दोन्ही क्षेत्रे वेगवेगळी तपासली तर हे निसटून जाते. इथे सुरुवात चाचपडत झाली. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झाले, तेव्हा राव यांनी त्याकडे सुधारणांची घाई करणाऱ्यांना मिळालेला इशारा म्हणून पाहिले, आणि तीन दिवसांत ते बंड फसले. डिसेंबरअखेर सोव्हिएत संघच उरला नाही. तेल, शस्त्रे आणि रुपयांत चालणारा व्यापार ज्याच्यावर विसंबून होता तो मित्रच गेल्यामुळे नवी बाजारपेठ, नवे भांडवल आणि नवे मित्र शोधणे हे परराष्ट्र खात्याचेच नव्हे तर अर्थखात्याचेही काम झाले. २९ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. त्याआधी चार दशके त्या देशाची केवळ एक वकिलात मुंबईत होती, आणि कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायली कुटुंबांचा दोन्हीकडचा संबंध मुख्यतः तिच्यामार्फत चाले. हा निर्णय घेण्यापूर्वी यासर अराफत यांना दिल्लीत बोलावून त्यांना विश्वासात घेण्याची काळजी राव यांनी घेतली. आग्नेय आशियाकडे वळण्याच्या धोरणालाही याच काळात आकार आला आणि १९९५ मध्ये भारत आसियान या राष्ट्रसमूहाचा पूर्ण संवाद भागीदार झाला.

सप्टेंबर १९९३ मध्ये बीजिंगला चीनशी झालेल्या करारात प्रत्यक्ष ताबा रेषेवर, म्हणजे दोन्ही सैन्ये प्रत्यक्षात जिथे उभी आहेत त्या रेषेवर, शांतता राखण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले. सीमाप्रश्न न सोडवता त्याला बाजूला ठेवण्याचा हा मार्ग होता, आणि ती रेषा नेमकी कुठून जाते हे न ठरवल्यामुळे त्यातील उणीव २०२० मध्ये गलवान खोऱ्यात रक्तानिशी उघडी पडली. तरीही सत्तावीस वर्षांची उसंत ज्या कराराने मिळवून दिली त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. सर्वांत कसबी कामगिरी मात्र जिनिव्हाची. १९९४ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरबाबत भारताविरुद्धचा ठराव पाकिस्तानने आणला, तेव्हा राव यांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे दिले, सोबत फारूक अब्दुल्ला आणि सलमान खुर्शीद यांना पाठवले, आणि आजारी असलेले परराष्ट्रमंत्री दिनेश सिंग त्याच अवस्थेत तेहरानला जाऊन आले. इराणने साथ न दिल्याने पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. त्याआधीच सप्टेंबर १९९३ मध्ये राव स्वतः तेहरानला जाऊन आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यशामागची पूर्वतयारी दिसते.

डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणला अणुचाचणीची तयारी चालल्याचे अमेरिकी उपग्रहांनी टिपले, वृत्तपत्रांनी ते छापले, आणि चाचणी झाली नाही. अमेरिकेच्या दबावापुढे राव नमले असे काही अभ्यासक मानतात, तर चाचणीनंतर येणारे आर्थिक निर्बंध नुकत्याच सावरलेल्या अर्थव्यवस्थेला झेपणार नाहीत असा हिशेब त्यांनी केला असे इतरांचे मत आहे. दुसरे मत अधिक पटण्याजोगे वाटते, कारण भारताला अण्वस्त्रमुक्त राहण्यास बांधून घेणाऱ्या कराराची मुदत मे १९९५ मध्ये कायमची वाढवली गेली तेव्हाही त्यांनी त्यावर सही केली नाही आणि तयारी पूर्णपणे मोडलीही नाही. मे १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने चाचण्या केल्या आणि निर्बंध आले, तेव्हा देशाजवळ सुमारे २,९०० कोटी डॉलरचा परकीय चलनसाठा होता, आणि त्याची उभारणी ज्या दरांच्या, शुल्कांच्या व परवान्यांच्या निर्णयांवर झाली त्यांतील बहुतेक १९९१ ते १९९४ या काळातले होते.